उसाचं वर्ष कुठं तोडायचं?

रात्री नऊनंतर गणपत गल्लीच्या कोपऱ्यावर आमचा कट्टा भरतो. काल खानापूरकडचा दोस्त आला तोच तापलेला. "ऊस कारखान्याला गेला जानेवारीत, बिल अजून नाही. सोसायटीत नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं पीककर्ज फेडून नवं उचलायला, मार्चअखेर आठ दिवसांसाठी व्याजानं पैसे काढले. हे मार्चचं वर्ष काढलं कुणी, मर्दा?"

"इंग्रजांनी, १८६७ साली. त्याआधी सरकारी वर्ष १ मेला सुरू व्हायचं." मी पतसंस्थेत हिशेब लिहितो, त्यामुळं ३१ मार्चची रात्र अंगवळणी पडलीय.

किराणा दुकानवाले अण्णा म्हणाले, "आमच्या वडलांचं वर्ष दिवाळीचं. पाडव्याला लाल वही, पहिल्या पानावर हळदकुंकू वाहून 'श्री'. आयकरालाही चालायचं." खरंय ते. १९८९ च्या एप्रिलपासून सगळ्यांनाच एप्रिल ते मार्च सक्तीचं झालं. अण्णा वही अजून पाडव्यालाच पुजतात, खातं मात्र मार्चला बंद करतात.

"मग माझं वर्ष उसाचं धरा की! जुलैत आडसाली लावला, तोडणी दीड वर्षानं. एका मार्चला नुसता खर्च, दुसऱ्याला नुसती जमा. एकदा बुडालो म्हणू, एकदा राजा झालो म्हणू?"

मला पटकन उत्तर सुचेना. अण्णाच बोलले, "मार्चअखेरीला मी दुकानातलं पोतं न् पोतं मोजतो. शिल्लक माल धरला नाही तर मलाही तोटाच दिसेल. तुझा उभा ऊस तोच की."

अगदी बरोबर. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, तेव्हा घरच्या वहीत त्यानं उसाचं वर्ष खुशाल धरावं. पण त्याचं दुखणं वर्षात नाही, असं मी त्याला ठासून सांगितलं. कारखान्याला ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल द्यायचं, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातच आहे. जानेवारीचं बिल फेब्रुवारीत हातात पडलं असतं तर मार्चला त्यानं कुणाच्या दारात का जावं? कारखान्यानं पैसे थकवायचे आणि व्याज शेतकऱ्यानं भरायचं, हा अन्याय आहे.

तो गप्प झाला. मग अण्णांकडनं कोरं बिलबुक घेऊन त्यानं मागच्या पानावर रेघ मारली. "खोडवा उभा आहे, तोडलेल्या उसाच्या बुडख्यातनं फुटलेला. किती धरू?"

"आजवर घातलेला खर्च धर. पुढं मिळेल तो भाव नको," मी म्हणालो.

पाचट, खत, पाणी, भांगलण... तो एकेक आकडा आठवून लिहीत बसला.