‘मेडिकलवर शेरा आला की परदेश संपलं’ हे खरं नाही

परदेशी विमान कंपनीत जाऊ पाहणाऱ्या आपल्या पायलट मुलामुलींच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरत असतो. शब्द बदलतात, मजकूर तोच: ‘क्लास वन मेडिकलवर एक जरी शेरा आला तरी आखात, सिंगापूर, युरोप सगळं बंद. बीपी, शुगर, थायरॉइड काहीही निघालं तरी कागदावर येऊ देऊ नका. गोळी बाहेरच्या डॉक्टरकडून घ्या, मेडिकलच्या दोन दिवस आधी थांबवा. इथे अनफिट केलं तर तिकडचं मेडिकल करा, तिथे जुनी फाइल कोणी बघत नाही.’ क्लास वन मेडिकल म्हणजे व्यावसायिक वैमानिकाला लागणारं आरोग्याचं प्रमाणपत्र, आणि शेरा म्हणजे त्यावर लिहिलेली मर्यादा.

आईवडिलांनी घर गहाण ठेवून शिकवलेल्या मुलाला हा सल्ला पटतो, कारण त्याला हप्त्याची धास्ती असते. म्हणूनच त्यातलं एकेक वाक्य तपासायला हवं.

‘एक शेरा आला की सगळं बंद.’ मुळात शेरे अनेक तऱ्हांचे असतात. युरोपच्या पद्धतीत ‘व्हीडीएल’ असा शेरा असतो. त्याचा अर्थ, दूरचं दिसायला चष्मा लावायचा आणि एक जादा चष्मा सोबत ठेवायचा. असा शेरा घेऊन पायलट अख्खी नोकरी करून निवृत्त होतात. ज्याला मुलं घाबरतात तो ‘ओएमएल’. हा शेरा असलेल्याने दोन वैमानिकांच्या विमानातच उडायचं, आणि शेजारी बसणाऱ्यावर तोच शेरा नसावा, त्याचं वय साठच्या आत असावं. एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ वर दोघं असतातच. तुमचं रोजचं काम बदलत नाही, जोड्या लावताना रोस्टर विभागाला मात्र लक्ष द्यावं लागतं. कंपन्या कुरकुर करतात ती बहुतेक यासाठी. एकट्याने उडवायच्या चार्टर विमानात मात्र हा शेरा खरोखर आड येतो.

असा शेरा देण्यामागे हिशेब आहे, आणि तो कळला की भीती बरीच कमी होते. विमानवैद्यकात त्याला एक टक्क्याचा नियम म्हणतात. एखाद्या माणसाला वर्षभरात अचानक असमर्थ होण्याचा धोका एक टक्का धरा. वर्षाचे तास ८,७६०, म्हणजे ढोबळमानाने दहा हजार. तासाला धोका झाला दहा लाखांत एक. उड्डाणाचा साधारण दहावा भाग, टेकऑफ आणि लँडिंगच्या आसपासचा, खरा नाजूक. त्यातही दुसऱ्या पायलटला विमान सावरता येणार नाही असं शंभरात एकदा घडेल असं धरलं, तर अपघाताची शक्यता तासाला शंभर कोटींत एक इतकी खाली येते. म्हणून शेजारी दुसरा पायलट असला की डॉक्टर अशा माणसाला उडू देऊ शकतात, ज्याला एकट्याने उडायला त्यांनी नकार दिला असता. शेरा तुम्हाला कॉकपिटमध्ये ठेवण्यासाठी आहे.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या पहिल्या परिशिष्टातच ही सोय आहे. एखादा निकष पूर्ण होत नसला, तरी तज्ज्ञांच्या मते सुरक्षेला बाध येत नसेल तर मर्यादा घालून प्रमाणपत्र देता येतं.

आता आजारांकडे येऊ. बीपीसाठी अमेरिकेची मर्यादा १५५/९५, युरोपची १६०/९५. आकडा सतत त्याच्या वर राहिला तर अनफिट. मान्य असलेल्या गोळीने तो खाली राहिला तर फिट. गोळी सुरू करताना काही काळ जमिनीवर राहावं लागतं, कारण चक्कर येते का, अंगाला सोसते का, हे बघायचं असतं. थायरॉइडची पातळी गोळीवर स्थिर असेल तर अडत नाही. मधुमेहात प्रश्न साखर वाढण्यापेक्षा ती अचानक उतरण्याचा असतो. म्हणून मेटफॉर्मिनकडे एका नजरेने बघतात आणि साखर झपकन खाली आणू शकणाऱ्या सल्फोनिलयुरिया गटाच्या गोळ्यांकडे दुसऱ्या. गोळी निवडताना आपल्या फॅमिली डॉक्टरला हे माहीत नसतं, त्यांना ते सांगावं लागतं. इन्सुलिन हे तर एकेकाळी ठाम ‘नाही’ होतं. ब्रिटनने २०१२ पासून इन्सुलिनवरच्या व्यावसायिक वैमानिकांना क्लास वन द्यायला सुरुवात केली, दुसरा पायलट सोबत आणि उडताना ठरलेल्या वेळी साखर तपासणं या अटींवर. आयर्लंड आणि ऑस्ट्रिया त्यात सामील झाले. अमेरिकेने २०१९ मध्ये वाट उघडली. पण ही परवानगी सगळीकडे चालत नाही. कुठल्या देशात जायचं आहे ते आधी ठरवा आणि त्या देशाचा नियम वाचा.

लोक ज्याला हसण्यावारी नेतात तो मुतखडा मात्र डॉक्टर गंभीरपणे घेतात. कळ उठली की माणूस दुमडतो, त्या अवस्थेत विमान उतरवण्यासाठी धावपट्टीकडे आणता येत नाही. युरोपात खडा सापडला की आधी अनफिट, तपासणी, उपचार आणि मग फिट. एखादा खडा आत राहिलाच, तर तो हलून त्रास देणार नाही अशा जागी आहे हे दाखवावं लागतं. सुट्टीत हा विषय निपटून टाकता येतो, तेव्हा दडवण्यात काय मिळवायचं?

‘गोळी दोन दिवस थांबवा.’ मेसेजमधलं सगळ्यात वाईट वाक्य हे आहे. बीपीच्या काही गोळ्या, विशेषतः क्लोनिडिन आणि बीटा ब्लॉकर, एकदम तोडल्या की बीपी पूर्वीपेक्षाही उसळतं. म्हणजे ज्या दिवशी आकडा चांगला हवा त्याच दिवशी तो बिघडेल. आणि एचबीए१सी चाचणी रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते, दोन दिवस भात सोडल्याने ती बदलत नाही. वर्षानुवर्षं चढलेलं बीपी हृदयाच्या भिंती जाड करतं, तेही तपासण्यांत दिसू शकतं. समजा यातलं काहीच सापडलं नाही. मग तुम्ही औषध नीट न घेता, मागे दीडशे-दोनशे माणसं बसवून उडत आहात. मला या पर्यायाचा राग येतो, कारण हा सल्ला देणारे त्या विमानात नसतात.

‘जुनी फाइल कोणी बघत नाही.’ युरोपच्या अर्जात थेट विचारतात: कुठल्याही देशाने तुमचं वैमानिक मेडिकल कधी नाकारलं, निलंबित केलं किंवा रद्द केलं आहे का? अमेरिकेच्या अर्जात चालू औषधं आणि गेल्या तीन वर्षांत कुठल्या डॉक्टरांकडे गेलात हेही भरावं लागतं. खोटं लिहिणं हा तिथे फौजदारी गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तिथल्या एका खासगी वैमानिकाने एचआयव्हीची बाब १९९४ पासून अनेक अर्जांत लपवली होती. सामाजिक सुरक्षा खात्याकडे मात्र त्याने त्याच आजाराखाली भत्ता मागितला होता. २००२ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातल्या सुमारे ४५ हजार वैमानिकांची नावं सरकारने दुसऱ्या खात्यांच्या नोंदींशी ताडून पाहायला घेतली, आणि तो सापडला. गुन्हा कबूल करावा लागला. खात्यांनी आपली माहिती एकमेकांना दिली म्हणून मनस्तापाची भरपाई मागायला तो पुढे तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१२ मध्ये हरला. तो आजार किरकोळ नव्हता, पण फाइल उघडण्याची रीत किरकोळ आजारालाही तीच.

शिवाय परदेशी कंपनीने भारतीय लायसन्सवर व्हॅलिडेशन, म्हणजे त्याच लायसन्सवर तिथे उडण्याची मान्यता, घेतलं तर ते उभंच राहतं मूळ लायसन्स आणि त्याच्या मेडिकलवर. इथे अनफिट आणि तिथे फिट अशी दोन आयुष्यं चालत नाहीत. मेडिकल गेल्यामुळे लायसन्स गेलं तर पैसे देणारा लॉस ऑफ लायसन्स विमाही जातो. आजार आधीपासून होता आणि सांगितला नव्हता हे निघालं की दावा फेटाळायला कंपनीला कारण मिळतं.

मेसेजमध्ये एक गोष्ट खरी आहे आणि ती मी नाकारणार नाही. काही कंपन्या जाहिरातीतच कुठलीही मर्यादा नसलेलं क्लास वन मागतात. तिथे ओएमएल असेल तर दार बंद, निदान तूर्त. आणि परदेशात मेडिकल गमावणं भारतापेक्षा जास्त महाग पडतं. आखातात राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की घर, मुलांची शाळा, सगळं महिन्या-दोन महिन्यांत आवरावं लागू शकतं. जर्मनविंग्स या जर्मन विमान कंपनीच्या २०१५ च्या अपघातात १५० जण गेले. सहवैमानिकाने आपलं आजारपण कंपनीपासून लपवलं होतं. फ्रान्सच्या तपास संस्थेने अहवालात लायसन्स गेल्यावर येणाऱ्या आर्थिक संकटाचाही विचार केला आणि ते हलकं करण्याचे उपाय सुचवले. माणसं लपवतात ती पैशाच्या भीतीने, हे तिथे नोंदलं गेलं. म्हणून ऑफर हातात आली की पगाराच्या आकड्याआधी आजारपणातल्या पगाराचं कलम वाचा: किती महिने पूर्ण, किती महिने अर्धा, विमा किती, त्यातून काय वगळलं आहे.

क्रमाचंही बघा. डीजीसीए, म्हणजे भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, २०१७ च्या नियमानुसार कॅप्टनला एक वर्ष आणि को-पायलटला सहा महिने नोटीस द्यावी लागते. क्लास वनची मुदत साधारणपणे जास्तीत जास्त वर्षभराची. म्हणजे कॅप्टनच्या नोटिशीच्या काळात एक मेडिकल येणारच, आणि नव्या कंपनीची ऑफर तिथल्या मेडिकलच्या अटीवर असते. काही मुलं ऑफर आली की त्याच आठवड्यात राजीनामा देतात. तसं करू नका. आधी त्या देशाच्या मान्यताप्राप्त तपासणी डॉक्टरला गाठा. गोळीचं नाव आणि मात्रा, ती कधी सुरू झाली, बीपीच्या नोंदी, जुने ईसीजी, टेम्पररी अनफिट झाला असाल तर ती पत्रं, सगळं समोर ठेवा. तिथलं मेडिकल आधी करता येत असेल तर करून टाका. येत नसेल तर तपासणीत नापास झाल्यास ऑफरचं काय होईल, हे नोटीस देण्याआधी कंपनीकडून लेखी घ्या.