लम्पीची लस टोचलेल्या गाईचं दूध विषारी नसतं

धुळ्याला दिलेल्या माझ्या बहिणीने परवा पोरांचं दूध बंद केलं. भिशीच्या ग्रुपवर मेसेज आला होता: लम्पी (जनावराच्या अंगावर गाठी आणणारा रोग) झालेल्या गाईचं दूध प्यायल्याने माणसाच्या अंगावर गाठी येतात, लस टोचलेल्या गाईचं दूध एकवीस दिवस विषारी असतं, लशीने गाय गाभडते, म्हणून लस नकोच, हळद-कडुलिंबाचा लेप पुरे. खाली ‘प्रत्येक आईपर्यंत पोहोचवा’. दोन दिवसांत तोच मेसेज आमच्या गावच्या ग्रुपवर आला आणि काहींनी लसीकरणाच्या दिवशी खळ्यातून ढोरं बाहेरच काढली नाहीत. आता मात्र गप्प बसवत नाही.

गाठींचं आधी. लम्पीचा विषाणू गाईम्हशींचा, शेळ्यामेंढ्यांच्या देवीच्या कुळातला. तो माणसाला होत नाही, असं जागतिक पशुआरोग्य संघटना स्वच्छ सांगते. हा रोग काही कालचा नाही, १९२९ मध्ये आफ्रिकेत झांबियात पहिल्यांदा नोंदला गेला. आणि लांब कशाला जायचं? २०२२ च्या साथीत राज्यातलं पहिलं बाधित जनावर ४ ऑगस्टला आपल्याच जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या चिनावलला सापडलं. हा रोग माणसाला लागत असता तर सगळ्यात आधी धार काढणाऱ्याला लागला असता, फुटलेल्या गाठी धुऊन मलम लावणाऱ्याला लागला असता. मेसेजसोबतच्या फोटोत दिसणाऱ्या फोडांनी भरलेल्या पाठीला ना नाव आहे, ना गाव.

माझा खरा राग आहे तो लशीबद्दल लिहिलंय त्यावर. गाय गाभडते ती लम्पीने. ताप चढतो, खाणं सुटतं, दूध आटतं, गाभण गाय गाभडते. रोगाचं सगळं पाप उचलून या माणसाने लशीच्या माथी मारलंय. ‘पण लस दिली आणि आठव्या दिवशी गाठी आल्या’ असं सांगणारे भेटतात, आणि ते खोटं बोलत नसतात. गोमाशी, डास, गोचीड चावून विषाणू अंगात शिरला की गाठी दिसायला एक ते चार आठवडे लागतात. म्हणजे ते जनावर बहुधा टोचायच्या आधीच बाधित होतं. उलट लशीची ताकद अंगात यायलाच तीनेक आठवडे जातात. मेसेजमधले ‘एकवीस दिवस’ बहुधा इथूनच उचलले असावेत. म्हणूनच लस साथ दारात यायच्या आधी टोचायची असते. शेजारच्या खळ्यात गाठी दिसेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असू शकतो. टोचलेल्या जागी सूज येते, एखाद-दोन दिवस ताप आणि दूध थोडं कमी, एवढं होऊ शकतं. त्याला विष म्हणत नाहीत.

आणि ज्याने लस टाळली त्याचं काय? २०२२ मध्ये सरकारने मेलेल्या गाईमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार, वासरामागे १६ हजार दिले. चांगली दुभती संकरित गाय तीस हजारांत कुठल्या बाजारात मिळते, ते मेसेज लिहिणाऱ्याने दाखवावं. वाचलेली गायही कित्येकदा पूर्वीच्या दुधावर येत नाही, आणि सरकीच्या ढेपेचा खर्च थांबत नाही.

हळद-कडुलिंब जखमेवर लावा, माश्या बसत नाहीत. विषाणू त्याने मरत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल, मनात नसतानाही. आजारी गाईला प्रतिजैविकं टोचली असतील तर डॉक्टरांनी सांगितलेले दिवस ते दूध विकायचं नसतं, आणि काही जण विकतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या देशव्यापी पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी ७७ मध्ये प्रतिजैविकं मर्यादेपेक्षा जास्त निघाली. हे चूकच आहे, आणि आपल्या लोकांनी ते थांबवलंच पाहिजे. पण तो दोष औषधाच्या अवशेषाचा. त्याचा लशीशी संबंध नाही. तापलेल्या, गाठी आलेल्या गाईचं दूध तसंही बाजूला काढावं. बाकी दूध उकळून प्या, जसं आपल्या घरात आजवर पीत आलो.

बहिणीला हे सगळं फोनवर सांगितलं, तिने पोरांना दूध सुरू केलं. गावात ज्यांची ढोरं राहिलीत त्यांच्यासाठी: चार महिन्यांच्या पुढच्या, ताप नसलेल्या प्रत्येक गाई-बैलाला लस टोचून घ्या, गोठ्यात गोचिडाची फवारणी करा, आणि गाठ दिसली की ते जनावर वेगळं बांधून जनावरांच्या डॉक्टरी मदतीच्या १९६२ या नंबरवर फोन लावा.