पिंग तुटला नाही म्हणून बॉन्ड पास होत नाही

बॉन्डिंग (सर्व्हरच्या दोन नेटवर्क केबल मिळून एकच जोडणी, म्हणजे बॉन्ड, करणं) तपासण्याची एक रीत सगळीकडे फिरते: पिंग (समोरच्या यंत्राला पॅकेट पाठवून उत्तर येतं का बघणारी कमांड) चालू ठेवा, दोनपैकी एक केबल उपटा, पिंग तुटला नाही तर फेलओव्हर (एक केबल गेली की दुसरीने काम उचलणं) पास. केबलपर्यंत हात पोचत नसेल तर पोर्ट कमांडने डाउन करा, एकच गोष्ट आहे. रीत सोपी आहे आणि म्हणूनच फसवी. लिनक्सच्या बॉन्डिंग ड्रायव्हरपुरतं बोलायचं तर तिचा एकेक दावा असा निसटतो.

"पिंग तुटला नाही, म्हणजे खंड पडला नाही."
साधा पिंग सेकंदाला एक पॅकेट पाठवतो. एमआयआयमॉन (लिंक किती वेळाने तपासायची ते सेटिंग) १०० वर असेल तर ड्रायव्हर दर १०० मिलिसेकंदांनी कॅरिअर, म्हणजे केबलवर सिग्नल आहे का, ते बघतो. तेवढा खंड दोन पिंगांच्या फटीत आरामात लपतो. अंतर १० मिलिसेकंद करा (जुन्या पिंगला त्यासाठी रूटचे अधिकार लागतात) आणि सलग हरवलेली पॅकेटं १० ने गुणा, म्हणजे खंड कळेल.

खरी गोम पुढे आहे. पिंग हा एकच प्रवाह, आणि एलएसीपीत (सर्व्हर आणि स्विच एकमेकांना संदेश पाठवून दोन्ही केबल एकत्र वापरतात तो मोड) एक प्रवाह हॅशनुसार, म्हणजे पत्त्यांवरून काढलेल्या आकड्यानुसार, एकाच केबलवरून जातो. तुम्ही उपटलेली केबल दुसरीच असेल तर चाचणी झालीच नाही. त्यात परतीची केबल स्विचचा हॅश निवडतो, म्हणजे जाणं एकीवरून आणि येणं दुसरीवरून असंही होतं. म्हणून आयपर्फ-३ ने (नेटवर्कवर चाचणीची वाहतूक सोडणारं साधन) ८-१६ समांतर प्रवाह सोडा. हॅश पॉलिसी लेयर ३+४ (आयपी पत्ते आणि पोर्ट क्रमांक धरणारी) हवी. मुळातली लेयर २ (मॅक पत्ते धरणारी) राहिली तर एका यंत्राकडे जाणारे सगळे प्रवाह एकाच केबलवर बसतात. दोन्ही पोर्टांचे काउंटर पळताना दिसले की मगच केबलला हात लावा, आणि मग आळीपाळीने दोन्ही उपटा.

"पोर्ट डाउन करणं म्हणजे केबल उपटणंच."
नाही. इंटरफेस बंद केलाय हे ड्रायव्हरला कॅरिअर न बघताही कळतं, त्यामुळे जे तपासायचं तेच तपासलं जात नाही. शिवाय कित्येक नेटवर्क कार्डं इंटरफेस डाउन असतानाही दिवा चालू ठेवतात: वेक-ऑन-लॅनसाठी (बंद यंत्र नेटवर्कवरून जागं करण्यासाठी), किंवा तोच पोर्ट सर्व्हरचा व्यवस्थापन कंट्रोलरही वापरतो म्हणून. स्विचला लिंक जिवंत दिसते आणि तो फ्रेम त्या भोकात ओतत राहतो. एलएसीपीचे संदेश थांबले की मगच त्याला कळतं: एलएसीपी स्लो असेल तर ३० सेकंदांनी एक संदेश, ९० सेकंदांनी टाइमआउट. फास्ट केल्यास १ आणि ३ सेकंद.

इथे हमखास होणारी चूक: सर्व्हरवर फास्ट लिहून काम संपलं समजणं. ते सेटिंग म्हणजे समोरच्याने किती वेळा संदेश पाठवावा याची आपली मागणी. स्विचचा टाइमआउट स्विचच्या सेटिंगवर चालतो. दोन्हीकडे बदला.

"केबल उपटली, सगळे बिघाड तपासून झाले."
उपटलेली केबल हा सर्वांत सरळ बिघाड. दोन्ही टोकांना लगेच कळतो. मध्ये मीडिया कन्व्हर्टर (एका प्रकारची केबल दुसऱ्या प्रकारच्या केबलला जोडणारी पेटी) असेल आणि त्याच्या पलीकडे तुटलं, तर अलीकडचा दिवा जळतच राहू शकतो आणि एमआयआयमॉन आंधळा ठरतो. ॲक्टिव्ह-बॅकअपमध्ये (एक केबल कामात, दुसरी राखीव असा मोड) त्यासाठी एआरपी मॉनिटरिंग आहे: ठरलेल्या आयपी पत्त्यांना, म्हणजे लक्ष्यांना, विचारणा करून उत्तर येतं का बघणं. लक्ष्यं एकाहून अधिक द्या (१६ पर्यंत चालतात) आणि व्हॅलिडेशन (आलेली फ्रेम खरंच त्या विचारणेशी संबंधित आहे का याची तपासणी) चालू करा, नाहीतर कुठलीही भटकी फ्रेम लिंक जिवंत ठरवते. एलएसीपी मोडमध्ये एआरपी मॉनिटरिंग चालत नाही. तिथे फास्ट हाच आधार.

अर्धमेली लिंक तर बॉन्डला दिसतच नाही. टीसीच्या नेटएमने (मुद्दाम बिघाड घडवणारं लिनक्सचं साधन) एका पोर्टवर ५ टक्के पॅकेटं पाडून बघा. स्विचचा फास्ट टाइमआउट व्हायला सलग ३ संदेश हरवावे लागतात. ठरावीक ३ संदेश सलग हरवण्याची शक्यता ८,००० त १. तोवर त्या केबलवरचे टीसीपी प्रवाह रखडतात आणि बॉन्ड सगळं ठीक सांगतो. पोर्टवरच्या एरर काउंटरवर वेगळी नजर हवी.

"एक गेली तरी दुसरी भार उचलते."
१ गिगाबिटच्या दोन्ही केबल ६० टक्के भरलेल्या असतील तर १.२ गिगाबिट एकीवर मावत नाही. रिकाम्या नेटवर्कवरची चाचणी हे दाखवणार नाही.

"परत लावली की पूर्ववत."
बरेच बॉन्ड नापास होतात ते इथे, आणि इथे बघायला कोणी थांबत नाही. ॲक्टिव्ह-बॅकअपमध्ये प्रायमरी (पसंतीची केबल) ठरवलेली असेल तर मुळातल्या सेटिंगनुसार कॅरिअर येताच वाहतूक तिच्याकडे वळते. पण स्विचवर जुना स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये फेरे होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर नुकताच जोडलेला पोर्ट ऐकण्यात १५ आणि शिकण्यात १५ सेकंद घालवतो. म्हणजे बिघाडात न पडलेला खंड दुरुस्तीत पडतो, तोही ३० सेकंदांचा. स्विचवर तो पोर्ट एज (म्हणजे ही वाट न बघणारा) करा. ते हातात नसेल तर अपडिले (लिंक आल्यावर ती वापरण्याआधी थांबायचा वेळ) ३५,००० मिलिसेकंद ठेवा (एमआयआयमॉनच्या पटीत, नाहीतर आकडा खाली उतरवला जातो), किंवा प्रायमरी रीसिलेक्ट (प्रायमरीकडे परत कधी वळायचं ते सेटिंग) फेल्युअरवर टाका, म्हणजे चालू लिंक पडल्याशिवाय वाहतूक हलणार नाही. केबल परत खोचल्यावर किमान २ मिनिटं प्रवाह चालू राहू द्या, आणि मग बॉन्डच्या स्टेटस फाइलमधला लिंक फेल्युअर काउंट बघा. तो वाढलाच नसेल तर बॉन्डला बिघाड कळलाच नव्हता. आधी एमआयआयमॉन शून्यावर तर नाही ना, ते तपासा.