माईक मतदाराच्या हातून काढून घेऊ नका

आज संध्याकाळी आमच्या नागरिक मंचाची बैठक झाली. सार्वत्रिक निवडणुकीआधी एका पक्षाच्या नेत्याने मतदारांसमोर बसून त्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत, यासाठी आम्ही दोन महिने पत्रव्यवहार करत होतो. अखेर होकार आल्यामुळे सगळेच आनंदात होते. होकारासोबत नेत्याच्या कार्यालयाने नियमांचा एक कागद पाठवला होता. प्रश्न तीन दिवस आधी लेखी द्यावेत, हे मला मान्य झाले. प्रश्न एका मिनिटात संपवावा, हेही रास्त वाटले. चौथा नियम वाचला आणि मात्र मी अस्वस्थ झाले: ‘प्रश्न विचारून होताच प्रश्नकर्त्याने माईक स्वयंसेवकाकडे परत द्यावा. उपप्रश्न घेतले जाणार नाहीत.’ या नियमावर बैठकीत दोन मिनिटेही चर्चा झाली नाही. ‘ते येत आहेत हेच पुष्कळ झाले’ असे कोणीतरी म्हणाले, इतरांनी माना डोलावल्या आणि आम्ही खुर्च्यांच्या व्यवस्थेकडे वळलो. मीही गप्प राहिले, आणि घरी आल्यापासून तेच मनाला टोचत आहे.

मला माझे वडील आठवले. बऱ्याच वर्षांपूर्वी, अशाच एका सार्वत्रिक निवडणुकीआधी, अशाच एका सभागृहात त्यांनी एका पक्षनेत्याला प्रश्न विचारला होता. ते ज्या कारखान्यात काम करत होते तो बंद पडून बराच काळ लोटला होता आणि कामगारांची देणी थकली होती. आधीच्या निवडणुकीत त्याच नेत्याने, त्याच सभागृहात, ही देणी वर्षभरात मिळतील असे सांगितले होते. वडिलांनी आदल्या रात्री प्रश्न चार वेळा लिहून काढला, आरोपाचा एकही शब्द राहू नये म्हणून दोनदा खोडला, आणि शेवटी फक्त एवढेच ठेवले की आपण असे म्हणाला होतात, ते झाले नाही, तर त्याचे कारण कृपया सांगावे. नेत्याने त्यावर श्रमाच्या प्रतिष्ठेविषयी सहा-सात मिनिटे भाषण केले. स्वतःचे वडीलही कष्टकरी होते, असे सांगताना त्यांचा आवाज भरून आला आणि सभागृहात टाळ्या वाजल्या. माझ्या वडिलांनी ‘पण साहेब’ म्हणून हात वर केला, तेव्हा माईक तीन रांगा पलीकडे गेला होता.

सभागृहातल्या प्रत्येकाला वाटले की प्रश्न विचारला गेला आणि उत्तर मिळाले. माझ्या वडिलांना मात्र उत्तर मिळाले नव्हते, आणि तसे म्हणण्याची सोयच ठेवलेली नव्हती.

राजकारणात मुरलेल्या माणसाला पहिला प्रश्न कधीच अवघड नसतो. मागच्या कारभाराबद्दल विचारले तर तो पुढच्या योजनांबद्दल बोलेल, आकडा विचारला तर भावना सांगेल, तारीख विचारली तर संकल्प सांगेल. यात फसवणूकच असते असे मी म्हणत नाही. वर्षानुवर्षे बोलून अंगवळणी पडलेले ते कसब असते. त्या कसबाला आवर घालणारी एकच गोष्ट सभागृहात असते, ती म्हणजे ज्याने प्रश्न विचारला त्यानेच शांतपणे म्हणावे की माझा प्रश्न हा नव्हता. ते म्हणण्याआधीच माईक काढून घेतला, तर तो कार्यक्रम मतदारांच्या प्रश्नोत्तरांचा राहत नाही. मतदारांनी दिलेल्या विषयांवर नेत्याने केलेले ते भाषण असते.

संसदेला हे केव्हाच कळलेले आहे. लोकसभेत तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात, म्हणून तर सदस्य आपल्या प्रश्नाला तारांकन मिळावे यासाठी धडपडतात. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळते आणि विषय तिथेच थांबतो. ब्रिटनच्या संसदेत दर बुधवारी दुपारी पंतप्रधानांना प्रश्न विचारले जातात, तेव्हा विरोधी पक्षनेत्याला एक नव्हे, तर सहा प्रश्न मिळतात. एका प्रश्नाने सरकारला जबाबदार धरता येत नाही, हे त्या सभागृहांना मान्य आहे. मग ज्याच्या मतावर ही सगळी सभागृहे उभी आहेत त्या मतदाराला एकच प्रश्न का पुरेसा ठरावा? त्याचे समाधान इतक्या स्वस्तात होते, असे कोणी ठरवले?

ज्यांना मी अतिशयोक्ती करते आहे असे वाटेल, त्यांनी १९८३ च्या ब्रिटिश निवडणुकीतला एक प्रसंग जरूर पाहावा. २४ मे रोजी, मतदानाला सोळा दिवस उरले असताना, पंतप्रधान मार्गारेट थॅचर बीबीसीवर मतदारांच्या प्रश्नांना थेट उत्तरे देत होत्या. आदल्या वर्षी फॉकलंड बेटांच्या ताब्यावरून झालेल्या युद्धात ब्रिटिश पाणबुडीने अर्जेंटिनाची ‘जनरल बेलग्रानो’ ही युद्धनौका बुडवली होती आणि त्यात ३२३ जण मरण पावले होते. ती नौका ब्रिटनने जाहीर केलेल्या निषिद्ध क्षेत्राच्या बाहेर होती आणि फॉकलंडपासून दूर निघाली होती, तरी ती का बुडवली, असे एका शिक्षिकेने विचारले. ती दूर जात नव्हती, असे थॅचर म्हणाल्या. बहुतेक कार्यक्रमांत विषय इथेच संपला असता. त्या बाई थांबल्या नाहीत. नौका कोणत्या दिशेला जात होती हे त्यांनी अभ्यास करून ठेवले होते. त्यांनी उत्तर दुरुस्त केले, तोच प्रश्न पुन्हा विचारला, नंतर आणखी एकदा विचारला, आणि युद्ध जिंकलेल्या पंतप्रधानांची चिडचिड साऱ्या देशाने पाहिली. त्या बाईंचे पहिले वाक्य आज कोणाला आठवत असेल की नाही, मला शंका आहे. तो प्रसंग चाळीस वर्षांनंतरही सांगितला जातो, तो त्यांच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यामुळे.

थॅचर ती निवडणूक १४४ जागांच्या बहुमताने जिंकल्या, हे मला ठाऊक आहे. नौका बुडवणे योग्य होते की नाही, यावर पुढेही दीर्घकाळ वाद चालला, हेही मान्य. प्रश्नांनी निवडणुका फिरत नसतील, तर नसोत. माझ्या वडिलांनाही कोणाला पाडायचे नव्हते. खरे सांगायचे तर त्यांनी त्या वर्षीही त्याच पक्षाला मत दिले. त्यांना फक्त उत्तर हवे होते.

त्या दिवसाचे एक दृश्य मला आजही जसेच्या तसे दिसते. माईक घेऊन गेलेला स्वयंसेवक जेमतेम विशीतला होता. वडिलांचा हात वर पाहून तो वळला आणि अगदी अदबीने म्हणाला, “काका, तुमचा झाला ना प्रश्न? आता दुसऱ्यांनाही संधी द्यायला हवी.” वडिलांनी लगेच हात खाली घेतला, कारण दुसऱ्याची संधी आपण हिरावतो आहोत हे ऐकून घेणे त्यांच्या स्वभावात नव्हते. भल्या माणसाला गप्प करायला दरडावावे लागत नाही. त्याच्या भलेपणाची आठवण करून दिली तरी तो गप्प बसतो. मला त्या मुलाचा राग नाही. तो सांगितलेले काम करत होता. राग आहे तो हा नियम शांत डोक्याने कागदावर उतरवणाऱ्यांचा, आणि आजचा राग तर आमचा आमच्यावरच आहे, कारण आम्ही तो वाचला आणि मान्य केला.

बैठकीनंतर फाटकापाशी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला समजावले की उपप्रश्न विचारायला सूत्रसंचालक असतोच आणि तो पत्रकार असल्याने ते काम अधिक चांगले करील. पत्रकाराची तयारी आपल्यापेक्षा अधिक असते, हे मी नाकारत नाही. परंतु पत्रकाराने टोकले, तर नेता त्याला पक्षपाती म्हणू शकतो आणि अर्धे सभागृह नेत्याच्या बाजूने उभे राहते. ज्या माणसाची देणी थकली आहेत त्याला पक्षपाती म्हणता येत नाही. २०१७ मध्ये ब्रिटनमध्ये मतदानाच्या आदल्या आठवड्यात यॉर्क इथे झालेल्या कार्यक्रमात एका परिचारिकेने पंतप्रधान थेरेसा मे यांना सांगितले की २००९ मध्ये जेवढा पगार हातात येत होता तेवढाच आजही येतो. हलवले की हवे ते सगळे मिळेल असे पैशांचे जादूचे झाड नसते, अशा आशयाचे उत्तर मे यांनी दिले. अर्थव्यवस्थेच्या दृष्टीने ते कोणाला बरोबरही वाटेल. परंतु पगाराची पावती घेऊन जगणाऱ्या बाईच्या तोंडावर ते सांगावे लागले, आणि म्हणूनच त्याचे वजन सगळ्यांना कळले. तेच वाक्य स्टुडिओत एखाद्या संपादकासमोर उच्चारले असते, तर ते केवळ एक युक्तिवाद ठरले असते.

मतदारांना नीट प्रश्न विचारता येत नाहीत, असेही आज एक जण म्हणाला. हे वाक्य ऐकले की माझा तोल जातो. विचारता येत नसेल, तर दुसरी संधी दिल्यावर येईल. अमेरिकेत १९९२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत रिचमंड इथल्या चर्चेत एका तरुणीने तिन्ही उमेदवारांना विचारले होते की राष्ट्रीय कर्जाचा तुमच्या स्वतःच्या आयुष्यावर काय परिणाम झाला. प्रश्नाची शब्दयोजना अचूक नव्हती. तिला मंदीची झळ म्हणायची होती. अध्यक्ष जॉर्ज बुश गोंधळले, प्रश्न आपल्याला नीट कळला नाही असे म्हणाले, आणि मग त्या तरुणीने आपल्या ओळखीच्या लोकांवर काय वेळ आली आहे हे सांगून आपले म्हणणे स्पष्ट केले. बिल क्लिंटन तिच्या दिशेने चालत गेले आणि त्यांनी तिलाच विचारले की तुझ्यावर याचा कसा परिणाम झाला आहे. त्यातही नेत्याचे कसब होतेच, मी भोळी नाही. पण अडखळत आलेला प्रश्न त्या संध्याकाळचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न ठरला, कारण तो पुन्हा तिच्याकडे आला. आमच्या चौथ्या नियमानुसार तिचा माईक पहिल्या वाक्यानंतरच गेला असता आणि एका तरुणीला अर्थशास्त्र कळत नाही, एवढेच सिद्ध झाले असते.

काही जण माईक हातात आला की सोडत नाहीत आणि प्रश्नाऐवजी स्वतःचेच भाषण करतात, ही तक्रार खरी आहे. विरोधी पक्षाचे कार्यकर्ते मतदार म्हणून येऊन बसतात, हेही घडते. त्यासाठी वेळ बांधून द्या, घंटा ठेवा, नावे नीट तपासा. मी उपप्रश्नासाठी अर्धा मिनिट मागते आहे. पंचवीस प्रश्नांऐवजी पंधराच झाले तरी चालतील, कारण पंचवीस माणसांना अर्धवट उत्तरे घेऊन घरी पाठवण्यात कोणाचाही सन्मान नाही.

हे सगळे लिहिता लिहिता माझा राग निवला आहे. नेत्यांविषयीही मनात कडवटपणा नाही. अनोळखी लोकांनी भरलेल्या सभागृहात बसून कोणत्याही विषयावरचा प्रश्न झेलणे सोपे नसते, आणि येण्यास होकार देणाऱ्या नेत्याचे मी आभारच मानते. कितीतरी जण तेवढेही करत नाहीत. २०१५ च्या ब्रिटिश निवडणुकीआधी लीड्स इथे मतदारांनी मजूर पक्षाचे तेव्हाचे नेते एड मिलिबँड यांना विचारले होते की तुमच्या मागच्या सरकारने जास्त खर्च केला हे मान्य आहे का, आणि त्यांनी सरळ ‘नाही’ म्हटले. सभागृहाला ते आवडले नाही, लोकांनी त्यांना पुन्हा छेडले, आणि आठवड्याभरात त्यांचा पक्ष हरला. तरी त्या उत्तराविषयी मला आदर वाटतो. मतदाराला न पटणारे उत्तर देणे हासुद्धा त्याला गंभीरपणे घेण्याचाच प्रकार आहे. माझ्या वडिलांना कोणी ‘देणी मिळणार नाहीत’ असे स्वच्छ सांगितले असते, तर त्यांनी ते स्वीकारले असते आणि पुढची तजवीज केली असती. टाळ्यांच्या आवाजात मिळालेल्या आश्वासनावर त्यांनी आणखी तीन वर्षे वाट पाहिली.

‘पण साहेब’च्या पुढे काय म्हणायचे होते, हे मी त्यांना पुष्कळ वर्षांनी, त्यांच्या शेवटच्या आजारपणात विचारले. त्यांना क्षणभरही आठवावे लागले नाही. “महिना कोणता, एवढंच विचारायचं होतं,” ते म्हणाले. “महिना कळला असता तर घरात सांगता आलं असतं.”

समितीत असलेले तुम्ही तिघे ही पोस्ट वाचत आहात, हे मला माहीत आहे. परवा सकाळी नेत्याच्या कार्यालयाला आपले उत्तर जायचे आहे, म्हणजे उद्याचा एक दिवस आपल्या हातात आहे. उद्या संध्याकाळी सात वाजता पुन्हा बैठक घ्यावी, असे मी अध्यक्षांना आत्ताच कळवले आहे. चौथा नियम बदलून ‘प्रश्नकर्त्याला उत्तरानंतर अर्ध्या मिनिटाचा एक उपप्रश्न विचारता येईल आणि तोपर्यंत माईक त्याच्याकडेच राहील’ असा करावा, हा ठराव मी लिहून ठेवला आहे. आज मी बोलले नाही, उद्या बोलणार आहे. ठरावाला अनुमोदन देणारे एक तरी जण हवे आहे, म्हणून कृपया या.