वीसच्या आत, म्हणून फुप्फुसं सुरक्षित? त्या मेसेजला उत्तर

सध्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय. त्यात सिगारेट ओढणाऱ्यांसाठी सूत्र दिलंय: रोजची पाकिटं गुणिले ओढल्याची वर्षं, म्हणजे तुमची ‘पॅक-इयर्स’. उत्तर २० च्या आत आलं तर फुप्फुसं सुरक्षित, तपासणीची गरज नाही. रोज दोन-तीनच ओढत असाल तर काळजीच करू नका. लाइट सिगारेट असेल तर आकडा निम्मा धरा. विडी धरूच नका, ती पानाची असते. आणि २० च्या पुढे गेला असाल तर आता सोडून काही फरक पडत नाही. शेवटी ठोकून दिलंय, ‘सगळे डॉक्टर हेच वापरतात.’

सूत्र खरं आहे आणि डॉक्टर ते वापरतातही. म्हणूनच मला या मेसेजची भीती वाटते. एका खऱ्या गोष्टीच्या आडून त्यात पाच खोट्या गोष्टी खपवल्या आहेत. मी छातीच्या दवाखान्यात स्पायरोमेट्री करते, म्हणजे नळीत फुंकायला लावून फुप्फुसातली हवा किती आणि किती वेगाने बाहेर पडते ते मोजते. ‘माझे तर बाराच होतात’ असं म्हणत येणारे लोक आता वरचेवर भेटतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहिते आहे.

आधी हिशेब. सूत्रातलं पाकीट २० सिगारेटींचं असतं. आपल्याकडे दहाचं पाकीट सर्रास मिळतं, शिवाय कित्येकांनी पाकीट कधी घेतलेलंच नसतं. टपरीवर सुटी घ्यायची, तिथेच ओढायची. महाराष्ट्रात सुट्या सिगारेट-विडीच्या विक्रीवर २०२० पासून बंदी आहे, पण सवय काही गेलेली नाही. त्यामुळे ‘रोज किती पाकिटं’ या प्रश्नाला आपल्याकडे नीट उत्तरच मिळत नाही. पाकिटं मोजू नका, सिगारेटी मोजा आणि वीसने भागा.

आता तो २० चा आकडा. तो आला कुठून? अमेरिकेत फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी सीटी स्कॅन किती उपयोगी पडतो हे पाहायला मोठी चाचणी झाली. त्यात ५५ ते ७४ वयाचे, किमान ३० पॅक-इयर्स असलेले लोक घेतले होते. कमी किरणांच्या सीटीने तपासलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू, साध्या एक्स-रेने तपासलेल्या गटाच्या तुलनेत, २० टक्क्यांनी कमी झाले. हे निष्कर्ष २०११ मध्ये आले. त्यावरून तिथल्या तज्ज्ञ समितीने २०१३ मध्ये स्कॅनसाठी ३० ची अट घातली आणि २०२१ मध्ये ती २० वर आणली. म्हणजे काहीही त्रास नसलेल्या कुणाकुणाला दरवर्षी स्कॅनला बोलवायचं, हे ठरवायला काढलेला हा आकडा आहे. त्याच्या आतले सुरक्षित, असं त्या समितीने कुठेही म्हटलेलं नाही. उलट आधीच्या अटीमुळे धोक्यातले बरेच लोक सुटत होते, म्हणून तर ती खाली आणली.

आणि त्रास असेल तर हा आकडा बघायचाच नाही. दोन आठवड्यांवर खोकला, थुंकीत रक्त, जिना चढताना नव्याने लागणारी धाप, यातलं काहीही असलं तर पॅक-इयर्स दोन असोत की बावीस, डॉक्टरांकडे जायचं. आपल्याकडे टीबीही आहे, त्यामुळे तर थांबायचंच नाही.

‘रोज दोन-तीनच’ या मुद्द्यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळ्यात जास्त माणसं इथेच फसतात. रोज तीन, चाळीस वर्षं, म्हणजे सूत्राने फक्त सहा. नॉर्वेमध्ये रोज एक ते चार सिगारेटी ओढणाऱ्यांचा कित्येक वर्षं पाठपुरावा केला. २००५ मध्ये निष्कर्ष आले: फुप्फुसाच्या कॅन्सरने मरण्याचा धोका कधीच न ओढणाऱ्यांच्या तुलनेत पुरुषांत जवळजवळ तिप्पट, बायकांत पाचपट. हृदयविकाराने मरण्याचा धोकाही तिपटीच्या घरात.

असं का होतं? सूत्र रोजच्या संख्येला आणि वर्षांना एकाच तराजूत तोलतं. रोज ४० सिगारेटी दहा वर्षं ओढल्या तरी उत्तर २०, आणि रोज १० चाळीस वर्षं ओढल्या तरी २० च. शरीराचा हिशेब असा नसतो. रिचर्ड डॉल आणि रिचर्ड पीटो या संशोधकांनी ब्रिटिश डॉक्टरांच्या स्वतःच्याच धूम्रपानाच्या प्रदीर्घ पाहणीवरून १९७८ मध्ये दाखवून दिलं, की फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका रोजच्या संख्येपेक्षा ओढल्याच्या वर्षांनी कितीतरी झपाट्याने वाढतो, चौथ्या-पाचव्या घाताच्या गतीने. चौथा घात धरला तर वर्षं दुप्पट झाली की धोका सोळापट. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन धाप लागण्याचा आजार, त्याच्या बाबतीतही, २०१८ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात पॅक-इयर्सपेक्षा नुसत्या वर्षांवरूनच धोक्याचा अंदाज जास्त चांगला आला. तेव्हा सतराव्या वर्षी सुरू करून आज पंचावन्नाव्या वर्षी ‘दोनच ओढतो’ म्हणणाऱ्याला मी आधी ते सतरावं वर्ष विचारते.

लाइट सिगारेटचं थोडक्यात. फिल्टरवर बारीक छिद्रं असतात, त्यातून हवा शिरते आणि मोजणी यंत्रात टार कमी दिसतं. माणूस ओढतो तेव्हा बोटांनी, ओठांनी ती छिद्रं झाकली जातात आणि झुरकेही मोठे घेतले जातात. आकडा निम्मा करायला काडीचाही आधार नाही.

विडीबद्दल मात्र मला राग येतो. गेल्या थंडीत एक काका आले होते. दिवसाला किती, विचारलं तर म्हणाले, ‘सिगारेट? शिवलो नाही कधी.’ शेजारून काकू म्हणाल्या, ‘अहो, विडीचं सांगा ना. पहाटे चहाच्या आधीच दोन होतात यांच्या.’ रोज पंचवीसचा एक बंडल, पस्तीस वर्षं. नळीत जोर लावून फुंकायला सांगितलं. निरोगी माणसाची निम्म्याहून पुष्कळ जास्त हवा पहिल्या सेकंदातच बाहेर पडते. काकांचा आलेख आडवा पडत गेला, सहा सेकंद झाले तरी हवा येतच होती, आणि नंतर ते बराच वेळ खुर्चीचा दांडा धरून बसले.

आपल्याकडचे छातीचे डॉक्टर यासाठी स्मोकिंग इंडेक्स वापरतात: रोजच्या विड्या किंवा सिगारेटी गुणिले वर्षं. तीनशेच्या वर म्हणजे भारी धूम्रपान. काकांचा ८७५ होता. मेसेजच्या हिशेबाने शून्य. विडीत तंबाखू कमी असते, पण तेंदूच्या पानातून हवा शिरत नाही आणि विझू नये म्हणून झुरके भराभर घ्यावे लागतात. मुंबईत सुमारे एक लाख लोकांवर झालेल्या पाहणीत, कधीच न ओढणाऱ्या पुरुषांपेक्षा सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका ३७ टक्क्यांनी आणि विडी ओढणाऱ्यांमध्ये ६४ टक्क्यांनी जास्त आढळला.

खरोखर शून्य पॅक-इयर्स असलेल्यांनाही सीओपीडी होतो, हेही मेसेजवाल्याला ठाऊक नसावं. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये लिहिलं होतं, की जगभरातल्या सीओपीडी रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी कधी धूम्रपान केलेलंच नसतं. चुलीपुढे जन्म काढलेल्या बायका त्यात येतात. नवऱ्याचं ओढणं आणि बायकोची चूल एकाच घरात असतात, पण सूत्रात चुलीला जागा नाही.

राहिलं ‘आता सोडून काय उपयोग’. पॅक-इयर्सचा आकडा कधीच उतरत नाही. वीस वर्षांपूर्वी सोडलेल्याचा आणि आज सकाळी ओढलेल्याचा आकडा सारखा असू शकतो, पण धोका सारखा नसतो. त्याच ब्रिटिश डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या पाहणीत दिसलं, की साठीला सोडणाऱ्याला सुमारे तीन वर्षं आयुष्य जास्त मिळतं, पन्नाशीला सहा, चाळिशीला नऊ, तिशीला दहा. गेलेली फुप्फुसाची ताकद फारशी परत येत नाही, हे खरं. पण पुढची घसरण मंदावते, आणि जिना चढता येणं न येणं त्यावर ठरतं. काकांनाही हेच सांगितलं.

तुमच्या घरात हा मेसेज आला असेल तर गुणाकार राहू द्या. एका कागदावर लिहा: कितव्या वर्षी सुरू केलं, काय ओढत होता, कोणत्या काळात रोज किती, मध्ये कधी सोडलं होतं का, घरात चूल होती का, कामावर धूळ-धूर होता का. तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि स्पायरोमेट्रीबद्दल विचारा. सोडायला मदत हवी असेल तर सरकारची मोफत क्विटलाइन आहे: १८००-११-२३५६.