तुझा कान अजून तयार नाही

"तुझा कान अजून तयार नाही." हे वाक्य ऐकून आज तिसरा दिवस, अजून घशाखाली उतरलेलं नाही. कोणी माझ्या वजनावर बोललं असतं, अक्षरावर बोललं असतं, तर सोडून दिलं असतं. पण कॉम्प्युटरवरून गाणी ऐकायला कुठला डॅक घ्यावा हे ज्याला लोक आवर्जून विचारतात (आणि विचारून झाल्यावर भलताच घेतात), त्याला त्याच्याच खोलीत, त्याच्याच खुर्चीत बसून हे ऐकवायचं म्हणजे फार झालं.

ऐकवणारे मित्राचे थोरले मेहुणे. गात नाहीत, वाजवत नाहीत, पण ऐकतात, आणि काय ऐकलं ते सांगत राहतात. त्यांना आपण कानसेन म्हणू. डॅक घ्यायचा होता मित्राला. त्यासाठी दोन डॅक आणून माझ्या ॲम्प्लिफायरला जोडले होते आणि कानसेन 'सहज' सोबत आले होते.

डॅक म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचं व्होल्टेज करून देणारा डबा. सीडीच्या दर्जाच्या फाइलमध्ये डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूला सेकंदाला 44,100 आकडे, प्रत्येक आकडा 16 बिटांचा. त्यावरून लाट पुन्हा काढायची आणि ॲम्पच्या हवाली करायची, संपलं काम. कॉम्प्युटरच्या पोटात हा अवयव आधीपासूनच असतो. पण तिथे तो ग्राफिक्स कार्ड, पंखे आणि वीजपुरवठा यांच्या चाळीत राहतो, त्यामुळे शेजाऱ्यांची भांडणं गाण्यात ऐकू येतात. खात्री करायची तर गाणं थांबवा, ॲम्पचा आवाज वाढवा आणि माउस फिरवा. माउसबरोबर बारीक 'च्युंईं' फिरलं तर बाहेरचा डॅक घ्यायला सबळ कारण आहे. फिरलं नाही तरी तुम्ही घेणारच, ते वेगळं.

कानसेनांचा पहिला प्रश्न, बूट काढता काढता: "चिप कुठली?"

मी म्हटलं, "एकात ईएसएस कंपनीची, दुसऱ्यात एकेएमची."

"एकेएम!" त्यांनी डोळे मिटले. "आगीच्या आधीची की नंतरची?"

ही आग खरी आहे. ऑक्टोबर 2020 मध्ये जपानमधल्या नोबेओका इथे एकेएमचा कारखाना पेटला आणि काही दिवस जळत राहिला. चिपांचा दुष्काळ पडला, कित्येक कंपन्यांनी आपल्या डॅकमधली चिप बदलून दुसरी बसवली. ही माहिती असण्यात वाईट काही नाही. पण चिप हा डॅकचा फार तर मेंदू. त्याच्या पुढचे ऑप-ॲम्प (सिग्नल हाताळणाऱ्या छोट्या चिपा), वीजपुरवठा, घड्याळ आणि बोर्डाची मांडणी, यांवर तोच मेंदू हुशार ठरतो की मठ्ठ. एकाच चिपचे दोन डॅक मापनात आकाशपाताळ वेगळे निघतात. हे मी सांगत होतो तेव्हा कानसेन डब्याला कान लावून होते. गाणं अजून सुरू व्हायचं होतं.

"तू लॅडर डॅक घ्यायला हवा होतास," ते म्हणाले. "रेझिस्टरचा. नैसर्गिक."

नैसर्गिक! लॅडर म्हणजे शिडी: या डॅकमध्ये आकड्यांचं व्होल्टेज रेझिस्टरांच्या शिडीतून होतं, प्रत्येक बिटाला एक पायरी. सोळा बिटांच्या शिडीत सगळ्यात वरच्या रेझिस्टरची चूक 65,536 मध्ये एक, म्हणजे साधारण 0.0015 टक्क्यापलीकडे गेली की तळाचा बिट नुसता शोभेला उरतो. बाजारातला चांगला रेझिस्टर 0.1 टक्क्याचा. जुळवत बसा. जमवणारे जमवतात, पण त्या मेहनतीचे पैसे तुम्ही भरता आणि मापनात तुमच्या पुढे असतो शिडी नसलेला, त्याहून कितीतरी स्वस्त डबा.

खोक्यावरच्या आकड्यांचाही मला राग आहे. '32 बिट, 768 किलोहर्ट्झ.' माणसाचा कान 20 किलोहर्ट्झला थांबतो, तोही तरुणपणी. आणि 32 बिटांच्या हिशेबाला लागणारी शांतता कुठलंच सर्किट देत नाही. उत्तमातला उत्तम डॅक 20-21 बिटांवर दमतो, पुढे रेझिस्टरांचाच सूं-सूं आवाज. 2007 मध्ये मेयर आणि मोरान या दोघांनी हाय-रेझोल्यूशन डिस्क वाजवताना मध्येच सीडीच्या दर्जाची, 16 बिट 44.1 ची, चाळणी घातली आणि लोकांना विचारलं, चाळणी आहे की नाही? 554 उत्तरांपैकी 276 बरोबर. नाणेफेकीने याहून एक उत्तर जास्त बरोबर आलं असतं. खोक्यावर खरं छापायला हवं ते आउटपुटचं व्होल्टेज. ते शोधायला मॅन्युअलचं शेवटचं पान उघडावं लागतं, आणि तिथेही कधी कधी वॉरंटीच असते.

तर डॅक घेताना काय बघायचं? आधी आपल्या कॉम्प्युटरला कुठली भोकं आहेत ते बघा. यूएसबी असेल तर डॅक असिंक्रोनस हवा, म्हणजे ताल डॅकचं घड्याळ देतं आणि कॉम्प्युटर मागणीप्रमाणे आकडे पुरवतो. कॉम्प्युटरच्या हातात ताल दिला तर तो मध्येच अँटीव्हायरस चालवायला जातो. आज बहुतेक डॅक असिंक्रोनसच असतात, तरी वाचून घ्या. यूएसबीवरून आवाज कसा पाठवायचा याच्या नियमांना यूएसबी ऑडिओ क्लास म्हणतात. क्लास 1 चा डॅक 24 बिट 96 किलोहर्ट्झपर्यंत जातो, पुढचं हवं तर क्लास 2. मॅक आणि लिनक्स क्लास 2 ला केव्हापासून ओळखतात. विंडोजला ही ओळख 2017 मध्ये झाली. त्याआधीच्या विंडोजवर कंपनीचा ड्रायव्हर लागतो, आणि कंपनीच्या लेखी तो ड्रायव्हर म्हणजे सावत्र मूल.

सगळ्यात मोठा गोंधळ डॅकच्या बाहेर होतो. विंडोजचा मिक्सर सगळे आवाज एका दरात कोंबतो. तिथे 48 किलोहर्ट्झ ठेवलेलं असेल तर तुमचं 44.1 चं गाणं वाटेत 48 होऊन बाहेर पडतं. डॅकच्या प्रॉपर्टीजमध्ये 'ॲडव्हान्स्ड' टॅबवर जाऊन दर बदला, किंवा प्लेअरमध्ये वासापी एक्सक्लुझिव्ह नाहीतर एसिओ, म्हणजे मिक्सरला वळसा घालणारी वाट, निवडा. मग मेलचा 'टुंग' आवाज गाण्यात घुसत नाही, हा त्यातला खरा फायदा; आजकालचं रूपांतर कानाला सापडावं इतकं वाईट नसतं. मॅकवर ऑडिओ मिडी सेटअपमध्ये जाऊन हाताने दर बदला. लिनक्सवाले स्वतःचं स्वतः बघून घेतात आणि नंतर आपल्यालाही सांगतात.

व्हॉल्यूम कॉम्प्युटरवरून कमी केला की बिट मरतात, अशी एक भीती कानसेनांनी पाळलेली आहे. दर 6 डेसिबलला एक बिट जातो हे खरं. पण 16 बिटांचं गाणं 24 बिटांच्या वाटेने पाठवलं तर खाली 8 बिट मोकळे असतात. म्हणजे 48 डेसिबल उतरेपर्यंत गाण्याचा एकही बिट पडत नाही, आणि तेवढं उतरल्यावर तुम्ही ऐकत नसता, झोपलेले असता.

मग तुलना. इथे कानसेन फुलले. पहिल्या डॅकवर त्यांनी मान हलवली, "कोंडलाय." दुसऱ्यावर हात पसरले, "हा बघ! मोकळा. मागची भिंत गेली."

भिंत जागेवर होती. मी मल्टिमीटर काढला. डॅकच्या मागच्या आरसीए आउटपुटला (ॲम्पची वायर खुपसायची ती गोल भोकं) साधारण 2 व्होल्ट अपेक्षित असतात. पहिला डॅक 2.0 देत होता, दुसरा 2.3. म्हणजे 1.2 डेसिबलचा फरक. एवढा फरक कानाला 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो, आणि डॅक विकणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. तुलना करायची तर दोन्ही 0.1 डेसिबलच्या आत, म्हणजे व्होल्टेज साधारण शेकडा एकच्या आत जुळवायचं. ॲम्प बंद करून सूर वाजवा, मीटर एसीवर ठेवा. सूर 1 किलोहर्ट्झऐवजी 100 हर्ट्झचा घ्या, कारण स्वस्त मल्टिमीटर 400 हर्ट्झच्या वर डुलक्या घेतात.

जुळवलं. मित्राने पाठीमागे नाणं उडवून डॅक बदलायचा, कानसेनांनी ओळखायचा, सोळा फेऱ्या. बारा बरोबर आल्या तर मानायचं, कारण नुसत्या नशिबाने बारा किंवा जास्त येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी.

कानसेनांच्या सात आल्या.

"नाण्याचा आवाज होतो," ते म्हणाले. "एकाग्रता मोडते."

पुढच्या सोळा फेऱ्या उशीवर नाणं टाकून करू, असं मित्र म्हणाला. पण तोवर त्यांना खरं कारण सापडलं होतं. "अरे, डॅक कोरे आहेत. बर्न-इन, म्हणजे वाजवून मुरवणं, किती झालंय?"

"किती हवं?"

"दोनशे तास. त्याआधी बोलूच नये."

"दोनशे तासांत त्यात नेमकं काय बदलतं?"

"सगळंच."

रोज दोन तास गाणी ऐकली तर दोनशे तासांना शंभर दिवस लागतात. डॅक परत करायची मुदत त्याच्या कितीतरी आधी संपते. ही सोय कोणाची, ते ज्याने त्याने ओळखावं. गंमत अशी की बर्न-इनने डॅक आजवर कोणाचाही बिघडलेला नाही. प्रत्येकाचा सुधारतोच. निसर्गात दुसरी कुठलीच वस्तू अशी एका बाजूला झिजत नाही. बदलतो तो कान. त्याला सवय होते. पण हे म्हणालो तर खोलीत फक्त एकाच माणसाचा कान जुना होता.

या वादात लॅपटॉपची बॅटरी उतरली. तासभर तो बॅटरीवरच चालत होता, त्यालाही कारण होतं. ते मी विसरलो आणि चार्जर लावला.

स्पीकरमधून हळूच 'हूंऽऽ' सुरू झालं.

ॲम्पला अर्थिंगची तीन पिनांची वायर, लॅपटॉपच्या चार्जरलाही तीन पिना, आणि मध्ये डॅकमधून गेलेलं यूएसबी आणि आरसीएच्या वायरींचं वरचं कवच. झालं वर्तुळ. दोन अर्थिंगमधल्या किंचित फरकाने त्या कवचातून विजेच्या तालावर बारीक करंट वाहतो. वीज 50 हर्ट्झची असेल तर 50 आणि 100, 60 ची असेल तर 60 आणि 120. आरसीएमध्ये तेच कवच संगीताची परतीची वाट असते, म्हणून तो करंट गाण्यात मिसळतो. डॅक कितीही महागडा घ्या, हा पाहुणा त्याच्या अंगावरून जातो. इलाज आहेत. लॅपटॉप आणि ॲम्प एकाच बोर्डावर लावून बघा. कॉम्प्युटरला ऑप्टिकल आउटपुट असेल तर तेच वापरा, काचेतून किंवा प्लॅस्टिकमधून वीज जात नाही आणि 96 किलोहर्ट्झपर्यंत काही अडत नाही. डॅक आणि ॲम्प दोन्हीला एक्सएलआर (तीन पिनांचं गोल भोक) असेल तर बॅलन्स्ड जोडणी करा, तिथे संगीताची परतीची वाट कवचातून जात नाही. नाहीतर यूएसबी आयसोलेटर, म्हणजे आकडे जाऊ देऊन विजेची जोडणी तोडणारा डबा, पण स्वस्तातला 12 मेगाबिटचा असतो, त्यातून क्लास 1 एवढंच निघतं. चार्जरची अर्थिंगची पिन मात्र कापू नका. ती हमसाठी, म्हणजे या 'हूं'साठी नाही, तुमच्यासाठी आहे. माझा आयसोलेटर दोन महिन्यांपूर्वी एकाने 'दोन दिवसांसाठी' नेलाय, आणि या लॅपटॉपला ऑप्टिकल नाही.

मी चार्जर ओढायला वळलो तर कानसेन खुर्चीत मागे रेलले होते. चेहऱ्यावर समाधान.

"आली," ते म्हणाले. "ऊब आली. बघ, म्हटलं नव्हतं? तापला की बोलतो."

"ती हम आहे."

"खालचे सूर भरले."

मी चार्जर काढला. हूं गेलं. त्यांनी दचकून डोळे उघडले.

"काय केलंस? कोरडा पडला!"

मी वर्तुळ काढून दाखवलं, कागदावर, बाणांसकट. परत लावून दाखवलं, परत काढून दाखवलं. त्यांनी सगळं शांतपणे पाहिलं आणि मग, लहान मुलाला सांगावं तसं, ते वाक्य म्हणाले.

काही बोलणार तोच लॅपटॉपने चार टक्के बॅटरी उरल्याचं सांगितलं. चार्जर लावावाच लागला.

"आली," कानसेन म्हणाले. आणि मित्राने खाली वाकून मोबाइलवर चार्जरच्या मॉडेल नंबरचा फोटो काढला.