७० ग्रॅमचा संसार

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांनी सांगितले होते, की जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकल्यावर मागे केळ्याच्या आकाराची एक नळी उरेल. डॉक्टर घाटावरचे असल्यामुळे त्यांच्या लेखी केळे म्हणजे केळे. परंतु मी पडलो मालवणचा, तेव्हा ते वेलची की राजेळी हे विचारल्यावाचून मला राहवले नाही, कारण या दोहोंमध्ये निदान एक मूद भाताचा फरक पडतो. त्यांनी हसून विषय बदलला आणि स्नायू, प्रथिने, व्यायाम असे बरेच काही सांगितले. ते मी ऐकले नाही. मी केळ्याच्या विचारात होतो.

त्या नोव्हेंबरात माझे वजन ११८ किलो होते आणि पुढच्या चतुर्थीपर्यंत ते ८२ वर आले. ३६ किलो म्हणजे किती, हे स्वयंपाकघरातच कळावे. गॅसचा भरलेला सिलिंडर टाकीच्या वजनासह तीस किलोच्या आसपास भरतो. तो मी इतकी वर्षे पोटाशी बांधून बाजारात, देवळात आणि पतसंस्थेच्या जिन्यावरून हिंडत होतो. एवढा भार उतरल्यावर लोक अभिनंदन करतील अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ते आवाज खाली आणून बायकोला विचारू लागले, "कुठे दाखवलेत?" चौथ्या महिन्यात केस गळू लागले, तेव्हा तर शेजारच्या वाडीतले एक गृहस्थ मला भेटून, जुने हातउसने घेतलेले ७०० रुपये परत देऊन गेले. पंधरा वर्षे थकलेली वसुली आजारपणाच्या नुसत्या संशयावर होते, हा अनुभव मला नोकरीत कधी आला नव्हता.

खरा त्रास मात्र त्यानंतरचा आहे. अठ्ठेचाळीस वर्षे मला प्रत्येकाने 'कमी खा' असे सांगितले, आणि कमी खाणे अखेर जमू लागले त्याच सुमारास आहारतज्ज्ञ बाईंनी फर्मावले, की दिवसाला ७० ग्रॅम प्रथिने पोटात गेलीच पाहिजेत. यात ७० ग्रॅम मासे अभिप्रेत नाहीत. शंभर ग्रॅम माशात वीसेक ग्रॅम प्रथिने असतात, एका अंड्यात सहा, पाव लिटर दुधात आठ. आणि आमची लाडकी कुळथाची पिठी वाटीभर घेतली, तरी तिच्यात पीठ पडते दोन चमचे, म्हणजे चार ग्रॅमच्या वर हिशेब जात नाही. मी पतसंस्थेत हिशेबनीस आहे. पण बांगड्याकडे पाहिल्यावर तोंडाला पाणी सुटण्याऐवजी मनात बेरीज सुरू व्हावी, इतका अधःपात मला अपेक्षित नव्हता. मासळी बाजारात मी एकदा भाववाढीबद्दल तक्रार करताना "ग्रॅममागे परवडत नाही" असे म्हणून गेलो, तेव्हापासून ती मावशी मला सोनार म्हणते.

हा खटाटोप कशासाठी, ते मला उशिरा उमगले आणि ते माझ्या धंद्याच्या भाषेतच उमगले. शरीराला अन्न कमी पडले, की ते साठवलेली चरबी तर मोडतेच, पण त्याबरोबर स्नायूही मोडते. घरात अडचण आली म्हणजे बचत खात्यातली रक्कम काढता काढता माणूस मुदत ठेवही मोडून मोकळा होतो, तसे. ही ठेव मोडली, की व्याज बंद. स्नायू बसल्या जागीही थोडीफार ऊर्जा खर्च करतात. ते आटले, की तेवढ्याच जेवणात वजन पुन्हा चढू लागते. ठेव टिकवायची, तर प्रथिने खावीत आणि स्नायूंना ओझे वाहायला लावावे. तिसरा मार्ग नाही, हे मी तीन वेळा विचारून खात्री करून घेतले आहे.

पहिल्यांदा भाताशी वैर आले. प्रथिने आधी, भाजी मग आणि जागा उरल्यास भात, असा नियम आहे. आणि जागा उरत नाही. माशाची आमटी भाताविना वाटीतून चमच्याने पिणारा माणूस आमच्या घराण्यात माझ्या आधी झाला नसावा. त्याहून मोठा घाव सोलकढीचा. जेवताना काही प्यायचे नाही आणि जेवल्यावर अर्धा तास थांबायचे, या नियमामुळे सगळ्यांची पाने उचलली गेल्यावर, पडवीत एकटाच, घड्याळाकडे पाहत मी सोलकढीचे घोट घेतो. ती तीच असते, चवही तीच असते. पण लग्न लागून वऱ्हाड निघून गेल्यावर मांडवात पोहोचलेल्या पाहुण्यासारखे वाटते.

व्यायामशाळेत जाण्याची परवानगी तीन महिन्यांनी मिळाली. तिथला प्रशिक्षक बावीस वर्षांचा असून मला काका म्हणतो, मात्र त्याच्या आदेशांत त्या नात्याचा लवलेश नसतो. "काका, अजून दोन," असे तो म्हणतो, आणि दोन झाल्यावर पुन्हा तेच म्हणतो. दोन ही संख्या इतकी लवचीक असते, हे मला लेखापरीक्षणातही आढळले नव्हते. पहिल्या दिवशी वजन न घेता दहा उठाबशा काढून मी घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मला उलटे, म्हणजे पायऱ्यांकडे तोंड करून उतरावे लागले. ते पाहून वाडीतल्या लोकांनी माझ्या आजाराची पुढची पायरी निश्चित केली.

पावसाळ्यात सगळेच गणित कोसळले. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. एरवी हे दोन महिने आम्ही सुक्या मासळीवर आनंदाने काढतो. पण खारवलेला सुका बांगडा प्रथिनांनी जितका संपन्न तितकाच मिठाने, आणि रक्तदाबाची गोळी नुकतीच सुटलेल्या माणसाला तो मोकळेपणाने खाता येत नाही. मग अंडी, पनीर, मूग आणि पुन्हा अंडी. पुढे श्रावण लागला आणि बायकोने अंडी घराबाहेर काढली. मी पडवीत स्टोव्ह मांडून अंडी उकडत असे आणि ती आतून, देवाला ऐकू जाईल अशा आवाजात, यात आपला काही संबंध नसल्याचे जाहीर करत असे.

भूकही आतापर्यंत गावी नव्हती. भूक चेतवणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक बहुतांशी जठराच्या कापून टाकलेल्या भागात तयार होते, त्यामुळे कित्येक महिने मी गजर लावून जेवलो. ती मुंबईच्या चाकरमान्यासारखी नेमकी चतुर्थीला परत आली, आणि तीही मोदकांच्या दिवशी. एक मोदक खाल्ला. दुसरा खाल्ल्यावर छातीत धडधड आणि अंगाला घाम, म्हणून आरती अर्ध्यावर टाकून आडवा झालो. भजनी मंडळींनी उसळ संपेपर्यंत माझ्या प्रकृतीवर चर्चा केली.

फेब्रुवारीत वजन ८३ किलो ४०० ग्रॅम भरले. त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी तपासणीला गेलो, तर शरीरातील चरबी आणि स्नायू वेगवेगळे मोजणाऱ्या यंत्राने चरबी घटल्याचे आणि स्नायू दीड किलोहून अधिक वाढल्याचे दाखवले. वजनकाट्याला दोन्ही सारखेच. आयुष्यात प्रथमच वाढलेल्या वजनाचा कागद मी घडी घालून खिशात ठेवला आणि वाटेत तीन जणांना दाखवला. तिघांनीही "काळजी घ्या" असे सांगितले.

आमच्या आत्येला मात्र कागदाची गरज पडली नाही. गेल्या आठवड्यात तिचा सिलिंडर आला आणि गाडीवाला तो बेड्याशीच, म्हणजे अंगणाच्या फाटकाशीच ठेवून गेला. मी तो उचलून खळे ओलांडून थेट चुलीपाशी नेऊन ठेवला आणि धापही लागली नाही. तेव्हापासून वाडीतल्या चार घरांचे सिलिंडर, एक पाट्याचा दगड आणि एक शिलाई यंत्र माझ्या हातून हलले आहे. ज्यांना मी मरणपंथाला लागलेला दिसत होतो, त्यांना आता माझ्या रविवारच्या वेळापत्रकाची माहिती असते.

त्या दिवशी आत्येने मजुरी म्हणून रस-शिरवाळ्यांचे, म्हणजे नारळाच्या गोड रसातल्या तांदळाच्या शेवयांचे, भरलेले ताट पुढे ठेवले. मी एक शिरवाळा वेगळा काढला.

"येवडाच? येवडा तर आमचा मांजार खाता!"

मी नम्रपणे सांगितले, की हा एकही शेवटी खाईन. त्याआधी, घरात असल्यास, एक उकडलेले अंडे द्यावे.

आत्ये बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली.

"शिरवाळ्यांवांगडा अंडा? अरे झिला, त्या डॉक्टरान तुजा पोट कापल्यान, की डोक्या?"